सेल्सफोर्सचे नियम आणि एफएफलिब: दोघांना एकाच औताला कसं जुंपायचं

आमच्या संभाजीनगरच्या ऑफिसात एखादं नवीन पोरगं जॉइन झालं की महिन्याभरात एक प्रश्न विचारतंच. "दादा, सेल्सफोर्सवाले म्हणायलेत असं करा, आणि ही एफएफलिब म्हणायली तसं करा, मग ऐकायचं कुणाचं?" (सेल्सफोर्स म्हणजे कंपन्यांचे ग्राहक-विक्रीचे व्यवहार सांभाळणारं क्लाऊडवरचं सॉफ्टवेअर, आणि एफएफलिब म्हणजे त्यावरचा कोड मांडायची लायब्ररी.) आता दरवेळी तेच तेच सांगून तोंड दुखायलंय म्हणून एकदाच लिहून टाकतो. उदाहरण आमच्याच कामाचं घेतो, जालन्याकडची एक बियाणे कंपनी, तिचे मराठवाडाभर डीलर, म्हणजे कृषी सेवा केंद्रवाले, आणि खरिपाच्या आधी कापूस-सोयाबीनच्या बॅगांचं बुकिंग. डीलर पोर्टलवर लॉगिन करतो, बुकिंग टाकतो, बुकिंगच्या लाईनी पडतात, गोडाऊनचा साठा कमी होतो. एवढंच आहे, पण एवढ्यातच सगळी मजा आहे.

आधी एफएफलिब म्हणजे काय ते, ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी. फायनान्शियलफोर्स नावाची कंपनी होती, आता तिचं नाव सर्टिनिया झालंय, तिथून निघालेली ही ओपन सोर्स लायब्ररी, ते एफएफ तिथलंच. एपेक्स, म्हणजे सेल्सफोर्सची स्वतःची भाषा, तिच्यातला कोड चार थरात मांडायचा: सिलेक्टर म्हणजे सगळ्या क्वेऱ्या एका जागी, डोमेन म्हणजे एका ऑब्जेक्टचे (डेटाच्या एका टेबलाचे) स्वतःचे नियम आणि ट्रिगरचं (रेकॉर्ड सेव्ह होताना आपोआप पळणाऱ्या कोडचं) काम, सर्व्हिस म्हणजे "बुकिंग कन्फर्म करा" सारखं अख्खं काम, आणि युनिट ऑफ वर्क म्हणजे सगळे इन्सर्ट-अपडेट गोळा करून शेवटी एकदाच सेव्ह करणारा मुनीम. गंमत म्हणजे सेल्सफोर्सच्या स्वतःच्या ट्रेलहेड ह्या शिकवणीच्या साइटवर हेच पॅटर्न शिकवतात, त्यामुळे लोकांचा समज होतो की ही सेल्सफोर्सचीच वस्तू आहे. तशी नाही. उद्या लायब्ररीत काही बिघडलं तर सेल्सफोर्स सपोर्टला केस टाकून उपयोग नाही, ते म्हणतील तुमचा कोड तुम्ही बघा, आणि बरोबरच आहे त्यांचं.

तर कुणाचं ऐकायचं? ट्रॅक्टर कंपनीचा आणि पेरणी यंत्र गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेलं, असं आपल्याकडं सर्रास चालतं, आणि चालतं मस्त. पण हायड्रॉलिकनं किती वजन उचलायचं हे ट्रॅक्टर ठरवतो, पेरणी यंत्र नाही. इथंही तसंच, लिमिट, सेव्ह होण्याचा क्रम आणि सुरक्षा ह्या तीन गोष्टीत शब्द सेल्सफोर्सचा, कोडची मांडणी कशी करायची त्यात शब्द लायब्ररीचा. खाली जे काही लिहिलंय ते सगळं ह्याच वाटणीतून आलंय.

लायब्ररी टाकायच्या आधी हे आकडे पाठ करा, खरंच पाठ करा. एका सिंक (लगेच पळणाऱ्या) ट्रान्झॅक्शनमध्ये १०० एसओक्यूएल (डेटा मागवणाऱ्या) क्वेऱ्या, एसिंकमध्ये (मागं नंतर पळणाऱ्यात) २००. डीएमएल (सेव्ह-डिलीटची) स्टेटमेंट १५०, डीएमएलच्या ओळी १०,०००, क्वेरीनं आणलेल्या ओळी ५०,०००. हीप, म्हणजे मेमरी, सिंकमध्ये ६ एमबी, एसिंकमध्ये १२. सीपीयू वेळ सिंकमध्ये १० सेकंद, एसिंकमध्ये ६०. ट्रिगरला रेकॉर्ड एका वेळी जास्तीत जास्त २०० येतात. कोणतीही लायब्ररी ह्यातला एकही आकडा वाढवून देत नाही, उलट प्रत्येक थर थोडा सीपीयू खातोच.

आणि हेही विचारा की गरज आहे का. तुमच्या ऑर्गमध्ये (कंपनीच्या सेल्सफोर्स खात्यात) चार ट्रिगर आणि दोन कंट्रोलर (स्क्रीनमागचा कोड) असतील तर एफएफलिब कशाला, साधा एक ट्रिगर हँडलर पुरे झाला. मी एका छोट्या ऑर्गमध्ये हौसेनं अख्खी लायब्ररी बसवली होती, नंतर ज्याच्याकडं ते काम गेलं त्या माणसानं मला जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. एकच काम तीन जागून होत असेल, म्हणजे पोर्टलवरून पण बुकिंग कन्फर्म, रात्रीच्या बॅचमधून पण, आणि ऑफिसातला माणूस बटण दाबून पण, तेव्हा ह्या थरांचा खरा फायदा कळतो.

बसवायचं कसं ते पटकन सांगतो कारण त्यात काही विशेष नाही. प्रॉडक्शनवर, म्हणजे चालू सिस्टीमवर, थेट नाही, चाचणीच्या सँडबॉक्स किंवा स्क्रॅच ऑर्गमध्ये. आधी एपेक्स मॉक्स (टेस्टसाठी खोटे, म्हणजे मॉक, क्लास बनवणारी) टाका, मग एपेक्स कॉमन (वरचे थर जिच्यात आहेत ती), उलटं केलं तर डिप्लॉय अडकतं कारण दुसरी पहिल्यावर अवलंबून आहे. गिटहबवरून सोर्सच घ्यायचा, म्हणजे तो कोड तुमच्याच ऑर्गचा होतो, ऑर्गच्या ६ एमबी कोडच्या मर्यादेत त्याचीही मोजणी होते. प्रोजेक्टमध्ये लायब्ररीचा फोल्डर वेगळा ठेवा आणि त्यातल्या फाईलींना हात लावू नका. हे मी जोर देऊन सांगतोय. काही बदलायचं असलं तर त्यांच्या बेस क्लासवरून आपला एक बेस क्लास काढा, आपल्या सगळ्या सिलेक्टरांचा बाप आपला, आणि आपल्या बापाचा बाप त्यांचा. मग लायब्ररीची नवीन आवृत्ती आली की फोल्डर बदलला, काम झालं. ज्यांनी लायब्ररीच्या पोटात दोन ओळी घुसवल्यात ते कधीच अपग्रेड करत नाहीत, बघून घ्या.

आता सेल्सफोर्स काय म्हणतं ते. एका ऑब्जेक्टला एकच ट्रिगर, कारण दोन असले तर कोणता आधी पळेल ह्याची खात्री तेच देत नाहीत. ट्रिगरमध्ये लॉजिक नको. लूपमध्ये क्वेरी नको, डीएमएल नको. आयडी कोडमध्ये लिहू नका. इथपर्यंत एफएफलिब आणि सेल्सफोर्स अगदी हातात हात घालून चालतात, ट्रिगरमध्ये एक ओळ, ती डोमेनला हाक मारते, झालं. पण लायब्ररी वापरली म्हणून बल्कीफिकेशन, म्हणजे अनेक रेकॉर्ड एकदमच हाताळणं, आपोआप होतं असं समजू नका, सिलेक्टरची मेथड लूपमध्ये बोलावली तर ती लूपमधली क्वेरीच आहे की राव, फक्त तिनं सूट घातलाय. कोड रिव्ह्यूमध्ये हे लई सुटतं, कारण नजर चौकटी कंसातली क्वेरी शोधत असते आणि इथं तर नुसतं मेथडचं नाव दिसतं.

मी सुरुवात नेहमी सिलेक्टरपासून करतो. जोखीम कमी आणि फायदा लगेच दिसतो, साठ्याची क्वेरी सात क्लासमध्ये सात तऱ्हेनं लिहिलेली असते ती एका जागी येते. एकच सांभाळा, सिलेक्टरच्या फील्डच्या यादीत जे काही लिहाल ते प्रत्येक क्वेरीत येतं. आमच्याकडं प्रत्येकानं आपलं आपलं एकेक फील्ड वाढवत नेलं, लांबलचक टेक्स्टवाली शेऱ्याची फील्डं पण त्यात, आणि रात्रीच्या कामात हीप फुटायला लागली. यादीत रोजची लागणारी फील्डं तेवढी ठेवा, जास्तीची लागली तर त्या एका मेथडपुरती जोडा.

मग युनिट ऑफ वर्क. त्याला सुरुवातीला ऑब्जेक्टची यादी द्यावी लागते आणि तो क्रम महत्त्वाचा, आईबाप आधी लेकरं नंतर: डीलर, बुकिंग, बुकिंग लाईन, साठा. इन्सर्ट ह्या क्रमानं, डिलीट उलट्या क्रमानं. एखादा ऑब्जेक्ट यादीत नसेल आणि तुम्ही रजिस्टर करायला गेलात तर तो सरळ एक्सेप्शन फेकतो, ते बरंच आहे. त्रास देतं ते दुसरंच. एकाच साठ्याच्या रेकॉर्डच्या दोन वेगवेगळ्या कॉप्या दोन सर्व्हिसांनी डर्टी (बदललेल्या) म्हणून रजिस्टर केल्या, एकीनं शिल्लक बॅगा बदलल्या, दुसरीनं शेवटच्या हालचालीची तारीख, तर आत आयडीनुसार एकच जागा असते, नंतर आलेली कॉपी आधीचीवर बसते. पहिलीचा बदल गायब, एरर काहीच नाही. गोडाऊनवाला फोन करून विचारतो बॅगा तर गेल्या, सिस्टीममध्ये आहेत तेवढ्याच कशा, तेव्हा कळतं. ह्याला उपाय दोन, एक तर रजिस्टर करताना कोणती फील्डं बदलली तेवढीच सांगायची सोय लायब्ररीत आहे ती वापरा, नाहीतर एका ट्रान्झॅक्शनमध्ये एक रेकॉर्ड एकदाच क्वेरी करून तोच सगळीकडं फिरवा. मी दोन्ही करतो, जळालेला माणूस आहे.

कमिट करताना युनिट ऑफ वर्क सेव्हपॉईंट घेतो आणि मधी काही फुटलं तर सगळं मागं नेतो. बाहेरच्या सिस्टीमला कॉलआउट करायचा असेल, आमच्याकडं डीलरला एसएमएस जातो, तर तो कमिटच्या नंतर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये करता येत नाही, सेव्ह न झालेलं काम बाकी आहे म्हणून सेल्सफोर्स अडवतं. हा सेल्सफोर्सचा नियम, लायब्ररी काही करू शकत नाही. कॉलआउट आधी उरका, नाहीतर क्यूएबलमध्ये (मागं वेगळ्यानं पळणाऱ्या कामात) ढकला, एसएमएससारख्या गोष्टीला क्यूएबलच बरा, एसएमएसवाल्याचा सर्व्हर झोपला म्हणून बुकिंग अडायला नको. पत्ता आणि पासवर्ड नेम्ड क्रेडेन्शियल ह्या सेल्सफोर्सच्याच सुरक्षित जागेत.

आता सुरक्षेचा भाग, इथं जरा बसून वाचा. एफएफलिबचं डोमेन डिफॉल्टनं ट्रिगरमध्येच तपासतं की जो युजर आहे त्याला त्या ऑब्जेक्टवर इन्सर्ट-अपडेट-डिलीटचा हक्क आहे का. साधा ट्रिगर हे तपासत नाही, तो सिस्टीम मोडमध्ये, म्हणजे युजरचे हक्क न बघता, पळतो. फरक काय पडतो बघा. डीलरनं पोर्टलवर बुकिंग लाईन सेव्ह केली. आपल्या सर्व्हिसनं साठा कमी केला. साठ्याचा ट्रिगर डोमेनला गेला आणि डोमेन म्हणालं ह्या युजरला साठा अपडेट करायची परवानगी नाही, एक्सेप्शन. आम्ही हे ॲडमिन युजरनं टेस्ट केलेलं, सगळं हिरवं. पहिल्या खऱ्या डीलरचं बुकिंग टाकताना फुटलं, आणि आमच्या टीममधल्या एकानं घाईत काय केलं तर डीलरच्या परमिशन सेटमध्ये साठ्याला एडिटचा हक्क देऊन टाकला! म्हणजे आता अंबडचा डीलर गोडाऊनचा आकडा स्वतः बदलू शकतो. मी रात्री ते बघितलं आणि झोपच उडाली.

बरोबर मार्ग असा. डीलरला साठ्यावर हक्क द्यायचाच नाही. साठ्याच्या डोमेनच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ती तपासणी जाणूनबुजून बंद करायची, त्यासाठी लायब्ररीत मेथड आहे, आणि वर कॉमेंट लिहायची की इथं डीलरच्या वतीनं सिस्टीम साठा बदलते म्हणून बंद. बाकी डोमेनला ती तपासणी चालूच. युजर जिथून आत येतो तिथं, म्हणजे पोर्टलच्या कंट्रोलरवर, सेल्सफोर्स सांगतं तसं शेअरिंगसह क्लास (युजरला दिसायचे तेवढेच रेकॉर्ड) आणि युजर मोडमध्ये (त्याचे हक्क बघून) क्वेरी. सिलेक्टरचं डिफॉल्ट पण माहीत पाहिजे, जुन्या पद्धतीत ऑब्जेक्टचा हक्क तो तपासतो पण फील्डचा हक्क तपासत नाही, लोकांना वाटतं लायब्ररी आहे म्हणजे सगळं झाकलेलंय. नव्या आवृत्तीत सिलेक्टरला युजर मोड का सिस्टीम मोड ते सांगता येतं, सेल्सफोर्सनं २०२३ च्या स्प्रिंग रिलीजमध्ये युजर मोड सगळ्यांना खुला केला त्याच्या नंतरचं हे. आपल्या बेस सिलेक्टरमध्ये युजर मोड डिफॉल्ट ठेवा आणि जिथं सिस्टीम मोड पाहिजे तिथं त्या क्लासच्या नावातच ते दिसू द्या.

फ्लोचं, म्हणजे कोड न लिहिता क्लिकनं बनवायच्या ऑटोमेशनचं, काय? सेल्सफोर्स आता सगळं फ्लोवर ढकलतंय, वर्कफ्लो रूल आणि प्रोसेस बिल्डर ह्या जुन्या ऑटोमेशन साधनांचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२५ ला संपला, आणि जे क्लिकनं होतं त्याला कोड लिहू नका हे त्यांचं जुनंच म्हणणं. कोडवाल्यांना फ्लो आवडत नाही, ॲडमिनला कोड दिसत नाही, आणि भांडण लागतं एका फील्डवरून. क्रम समजून घ्या: बिफोर सेव्ह फ्लो आधी, मग बिफोर ट्रिगर, मग व्हॅलिडेशन रूल, मग सेव्ह, मग आफ्टर ट्रिगर, आणि आफ्टर सेव्ह फ्लो त्याच्याही बऱ्याच नंतर. म्हणजे फ्लोनं बुकिंगचा दर लावला आणि डोमेननं पण लावला तर डोमेन जिंकतं, ॲडमिन बिचारा फ्लो बदलत बसतो आणि आकडा काही हलत नाही. आमचा नियम साधा आहे, एका फील्डचा मालक एकच, फ्लो तरी नाहीतर डोमेन तरी, आणि त्या फील्डच्या डिस्क्रिप्शनमध्येच मालकाचं नाव लिहून ठेवायचं. भिंतीवर चार्ट लावून बघितला, कुणी वाचत नाही.

आणि फ्लोला कोडचं काम लागलं तर सर्व्हिसवर एक पातळ इन्व्होकेबल (फ्लोला बोलावता येणारी) मेथड ठेवा. ती यादीच घेते, आपली सर्व्हिस पण यादीच घेते, जोड बसतो. मग पोर्टल, रात्रीची बॅच आणि ॲडमिनचा फ्लो तिघं एकाच सर्व्हिसच्या दारातून येतात, क्रेडिट लिमिटचा नियम एकदाच लिहिलेला. मला विचाराल तर अख्ख्या ह्या खटाटोपात पैसे वसूल होणारी जागा हीच.

रिकर्शनची, म्हणजे ट्रिगर स्वतःलाच परत जागवतो त्याची, एक भानगड सांगायची राहिली. इंटरनेटवर जिकडं तिकडं सल्ला मिळतो की एक स्टॅटिक बूलियन (ट्रान्झॅक्शनभर टिकणारी हो-नाहीची खूण) ठेवा, पहिल्यांदा पळालं की ते ट्रू करा, दुसऱ्यांदा आलं तर परत जा. मी पण केलेलं. आमची रात्रीची बॅच १००० बुकिंग लाईनी एका अपडेटमध्ये सेव्ह करायची. ट्रिगरला त्या २०० च्या पाच घासात येतात, पण ट्रान्झॅक्शन एकच, स्टॅटिक व्हेरिएबल पण तेच. पहिल्या २०० चं काम झालं, बूलियन ट्रू, उरलेल्या ८०० ना ट्रिगरनं दारातूनच परत पाठवलं. एरर नाही, लॉग नाही, काही नाही. किती वेळा ट्रिगर आला ते मोजून अडवणाऱ्या फ्रेमवर्कमध्ये पण हाच खड्डा आहे. बूलियनच्या जागी आयडींचा सेट ठेवा, कोणत्या रेकॉर्डचं काम झालंय ते त्यात टाका. त्याहून चांगलं म्हणजे जुनी आणि नवी व्हॅल्यू ताडून बघा, स्टेटस खरंच बदललं असेल तरच पुढं जा. बऱ्याच वेळा मग त्या सेटची पण गरज पडत नाही.

टेस्टबद्दल. सेल्सफोर्सला ७५ टक्के कव्हरेज (टेस्टमधून पळालेला कोड) लागतं, ते काही मोठं नाही. एपेक्स मॉक्सनं सर्व्हिसची टेस्ट डेटाबेसला हात न लावता होते, भराभर पळते, छान वाटतं. पण मॉक केलेल्या टेस्टमध्ये ना ट्रिगर पळतो ना व्हॅलिडेशन रूल ना लिमिटचा धक्का. वरच्या दोन्ही भानगडी, डीलरच्या हक्काची आणि ८०० लाईनींची, मॉकच्या टेस्टमध्ये कधीच सापडल्या नसत्या. त्यामुळं प्रत्येक मोठ्या कामाला निदान एक खरी टेस्ट ठेवा, टेस्टमध्येच डेटा तयार करून, रेकॉर्ड २०० नाही तर २५० घ्या म्हणजे दुसरा घास पण तपासला जातो, आणि डीलर प्रोफाइलच्या युजरनं पळवा. हळू पळते, पळू द्या.

जुन्या ऑर्गमध्ये हे सगळं आणायचं असेल तर एकदम सगळे ट्रिगर उपटू नका. जिथं सगळ्यात जास्त फोन येतात तो एक ऑब्जेक्ट घ्या, त्याच्या क्वेऱ्या सिलेक्टरमध्ये, एक सर्व्हिस, मग शेवटी ट्रिगर डोमेनमध्ये. बाकीचे जुने तसेच पळू द्या, एका ऑर्गमध्ये दोन पद्धती वर्षभर नांदल्या तरी काही बिघडत नाही. फक्त एकाच ऑब्जेक्टवर दोन पद्धती नको. ॲप्लिकेशन फॅक्टरीचा (कुठं कोणता क्लास वापरायचा ते एका जागी ठरवणारीचा) सगळा सरंजाम मी सगळ्यात शेवटी आणतो, मॉकसाठी खरंच लागायला लागली की.

सेल्सफोर्स वर्षात तीनदा अपडेट होतं, स्प्रिंग, समर, विंटर, आणि प्रॉडक्शनच्या काही आठवडे आधी प्रिव्ह्यू सँडबॉक्सवर येतं. तेव्हा सगळ्या टेस्ट तिथं पळवून बघा, लायब्ररीच्या टेस्टसकट. लायब्ररीच्या क्लासची एपीआय आवृत्ती आपण होऊन वाढवू नका. आणि गिटहबवरून कोणत्या तारखेचा, कोणता कमिट (कोडची नेमकी आवृत्ती) घेतलाय ते रीडमीमध्ये लिहा, दोन वर्षांनी तुम्हालाच लागणार आहे.

आमच्याकडं अजून एक नियम आहे जो सेल्सफोर्सच्या कोणत्याच पानावर नाही. मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत प्रॉडक्शनवर काही टाकायचं नाही. मिरगाचा पाऊस पडला की डीलरच्या दुकानापुढं रांग लागते, तेव्हा तुमचं डोमेन लेयर किती देखणं आहे ह्याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसतं. जे काय करायचं ते एप्रिलपर्यंत. शुक्रवारी दुपारी सगळ्या टेस्टसह डिप्लॉयमेंट नुसतं व्हॅलिडेट करून ठेवायचं, ते १० दिवस चालतं, आणि रविवारी सकाळी क्विक डिप्लॉय मारायचं, टेस्ट परत पळत नाहीत म्हणून चटकन होतं. मधी लाईट गेली तरी घाबरू नका, ते तिकडं क्लाऊडवर चालूच राहतं, आपल्याला दिसत नाही एवढंच.